सोलापुरातून फूड टेक्नॉलॉजीकडे: अकरावीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

शेंगा चटणी उखळातून निघाल्यावर जशी लागते, तशी ती दोन महिन्यांनी का लागत नाही? कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, मग मऊ भाकरीला तिसऱ्या दिवशी बुरशी का धरते? डाळिंबाचा लालभडक रस आटवला की तपकिरी का पडतो? असे प्रश्न ज्याला खरोखर पडतात, त्याने अन्नविज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पदवीचा विचार जरूर करावा. ‘म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट का?’ असं नातेवाईक विचारतील. त्यांना सांगा, की यात स्वयंपाक शिकवत नाहीत. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि थोडं केमिकल इंजिनिअरिंग एकत्र करून अन्न सुरक्षित कसं ठेवायचं, टिकवायचं कसं आणि हजारो किलोंच्या प्रमाणात एकसारखं कसं बनवायचं, हे शिकवतात.

सोलापूरच्या मुलांना या विषयात जन्मजात फायदा आहे, असं माझं ठाम मत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे, रब्बी ज्वारीवर काम करणारं केंद्र शहरातच आहे. पंढरपूर तालुक्यात कासेगावकडे बेदाणा होतो, बार्शीत डाळमिल आहेत, आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा येतो. पुण्या-मुंबईच्या मुलाला जो माल प्रयोगशाळेत पिशवीतून येतो, तो तुमच्या बांधावर आहे. मात्र त्याच्याकडे बघताना हातात तराजू आणि थर्मामीटर हवा. या शिक्षणाचं सार मोजण्यात आहे, आणि हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

अकरावीत गणित सोडू नका

विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवा. ओझं वाटेल, पण दारं उघडी राहतात. केमिकल टेक्नॉलॉजीच्या अंगाने फूड शिकवणाऱ्या संस्थांना गणित लागतं. दुसऱ्या वर्षी उष्णता वहनाची समीकरणं समोर आली की गणित सोडलेली मुलं अडतात, आणि सूक्ष्मजीवशास्त्र सुरू झालं की जीवशास्त्र न घेतलेली अडतात. कोणत्या कॉलेजला कोणते विषय चालतात, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा. ओळखीच्या दादा-ताईच्या सांगण्यावर जाऊ नका, कारण नियम बदलत राहतात.

राज्यातल्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीच्या गुणांवर भरतात. या परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणिताचा गट आणि जीवशास्त्राचा गट वेगवेगळे आहेत. दोन्ही विषय असतील तर दोन्ही गटांना बसता येतं.

बारावीच्या रसायनशास्त्रातले दोन धडे पाठांतरावर काढू नका: रासायनिक गतिशास्त्र आणि जैवरेणू. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेचं जे समीकरण तिथे येतं, त्याच समीकरणाने पुढे डबाबंद अन्नातले जंतू किती मिनिटांत मरतात आणि रसातलं क जीवनसत्त्व किती दिवसांत अर्धं होतं, याचा हिशेब करायचा असतो.

कुठे शिकायचं

पहिली वाट कृषी विद्यापीठांची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून चालू आहे, आणि राज्यात या विषयाचं नाव निघालं की परभणीचं नाव आधी येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालयांतही फूड टेक्नॉलॉजीची चार वर्षांची बी.टेक. पदवी आहे. इथे धान्य, फळं, दूध, मांस अशा मालाच्या अंगाने शिक्षण होतं, आणि शेवटच्या वर्षात कारखान्यातलं प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग असतं.

दुसरी वाट रसायन तंत्रज्ञानाची. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे १९३३ साली सुरू झालेली जुनी यूडीसीटी, हिची फूड इंजिनिअरिंगची पदवी राज्यात सर्वांत अवघड प्रवेशांपैकी एक. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था याच परंपरेतली. ज्यांचं गणित आणि रसायन पक्कं आहे, ज्यांना संशोधनात किंवा मोठ्या कंपनीच्या उत्पादन विकासात जायचं आहे, त्यांनी आधी इथे प्रयत्न करावा. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री बसवते आणि सकाळी दादरला उतरवते, त्यामुळे घरच्यांनाही ही वाट परकी वाटत नाही.

तिसरी वाट केंद्रीय संस्थांची. हरियाणात कुंडली आणि तामिळनाडूत तंजावर इथल्या निफ्टेम या संस्थांमध्ये बी.टेक.साठी जेईई मेनचे गुण धरतात. आपल्याकडची मुलं तिकडे फारशी वळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. जेईई देणारच असाल तर पसंतीक्रमात ही नावं घालायला विसरू नका.

चौथी वाट अनेकांना माहीतच नसते. घरची परिस्थिती किंवा इतर कारणांनी बाहेर राहणं जमत नसेल, तर सोलापुरातच रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करा आणि नंतर फूड सायन्समध्ये एम.एस्सी. करा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. म्हैसूरची सीएफटीआरआय, म्हणजे १९५० पासूनची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, तिथली एम.एस्सी. तर देशभरात नावाजलेली. या वाटेने आलेली मुलं प्रयोगशाळेत भक्कम असतात. यंत्रांचा भाग त्यांना मागून भरून काढावा लागतो.

दुधाची आवड असेल तर उदगीरचं डेअरी टेक्नॉलॉजी महाविद्यालय बघा. साखरेत जायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

प्रवेश घेण्याआधी एकदा तरी जाऊन या. इमारत आणि बाग बघू नका. लघु प्रक्रिया प्रकल्प कुठे आहे ते विचारा आणि यंत्रं हात लावून बघा. पल्परच्या, म्हणजे फळांचा गर काढणाऱ्या यंत्राच्या, चाळणीवर धूळ असेल, बॉयलर कधी पेटला होता हे कोणालाच आठवत नसेल, तर ती यंत्रं तपासणी समितीला दाखवायला घेतलेली आहेत. सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेच्या दाबाने भांडी निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, नोंदवही मागा. त्यात या महिन्याच्या नोंदी आहेत का ते बघा. मग तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना बाजूला घेऊन विचारा: ‘प्रत्येकाला स्वतः टायट्रेशन करायला मिळतं, की सर करून दाखवतात?’ या एका उत्तरावरून मी कॉलेज निवडेन.

कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय असेल तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची मान्यता आहे का, तंत्रशिक्षणातलं असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) आहे का, हे त्या संस्थांच्या संकेतस्थळावर तपासा. कॉलेजच्या फलकावर लिहिलेलं पुरत नाही.

कागदपत्रं

प्रवेश फेरीत गुणांपेक्षा कागदांमुळे जागा गेलेली मुलं दरवर्षी दिसतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करून टाका. अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर सेतू केंद्रातून बारावीच्या परीक्षेआधी काढून ठेवा. निकालानंतर तहसीलमध्ये जी गर्दी होते ती सगळ्यांना माहीत आहे. शेती नावावर असेल तर सातबाराचा ताजा उतारा आणि शेतकरी असल्याचा दाखला जवळ असू द्या. कृषी विद्यापीठांच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबातल्या मुलांना गुणांचा अधिभार, म्हणजे वाढीव गुण, मिळत आला आहे.

फीसाठी महाडीबीटी पोर्टलवरचे अर्ज चुकवू नका. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार या योजना नीट वाचा. २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांत इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं आहे. मुलीला बाहेर शिकायला पाठवायचं की नाही, यावर घरात चर्चा चालू असेल तर ही माहिती आधी सांगा.

पहिलं वर्ष: वजन, पाणी, हिशेब

पहिल्या वर्षी एकच गोष्ट पक्की करा. त्या विषयाला मटेरियल बॅलन्स म्हणतात, म्हणजे किती माल आत गेला, किती बाहेर आला आणि मधला कुठे गेला. बेदाण्यावर करून बघू. १०० किलो द्राक्षांत ७८ टक्के पाणी धरलं, तर कोरडा भाग २२ किलो. वाळल्यावर बेदाण्यात पाणी १६ टक्के ठेवायचं आहे, म्हणजे कोरडा भाग ८४ टक्के झाला. कोरडा भाग तर तेवढाच राहणार. २२ ला ०.८४ ने भागलं की साधारण २६ किलो बेदाणा येतो आणि ७४ किलो पाणी शेडमधल्या हवेने नेलेलं असतं. ‘चार किलोला एक किलो’ हे कासेगावच्या कोणत्याही बागायतदाराच्या तोंडी आहे. देठ आणि खराब मणी धरले की आपला हिशेबही तिथेच पोचतो. हे गणित ज्याला जमलं त्याला पुढे बाष्पीभवन, शुष्कन, स्फटिकीकरण ही सगळी प्रकरणं ओळखीची वाटतात.

दुसरी सवय ओलावा काढण्याची. ज्वारीच्या पिठाचा ५ ग्रॅमचा नमुना घ्या, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणबंद भांड्यात) गार करून वजन घ्या, पुन्हा ठेवा, पुन्हा घ्या. वजन थांबेपर्यंत हे चालू राहतं. समजा ते ४.४५ ग्रॅमवर थांबलं. ०.५५ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओल्या वजनावर ११ टक्के. तेच कोरड्या वजनावर काढलं तर १२.४ टक्के येतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण कोणता हे लिहिलं नाही तर अहवाल निरुपयोगी ठरतो. गरम वाटी तशीच तराजूवर ठेवली तर वजन चुकतं, कारण वाटीभोवती वर चढणारी गरम हवा तराजूचं ताट उचलते. अशा बारीक गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात आणि नोकरीत रोज लागतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या सहामाहीला घाबरू नये. प्रत्येक संकल्पना आधी मराठीत खोलीतल्या मित्राला समजावून सांगा, मग इंग्रजीत लिहा. दिवाळीपर्यंत हात बसतो.

दुसरं आणि तिसरं वर्ष: इथे विषय उघडतो

सगळ्यात महत्त्वाची संकल्पना पाण्याची क्रियाशीलता. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती आहे, हे ती सांगते. शुद्ध पाण्याची क्रियाशीलता १ असते; ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. मऊ भाकरी वरच्या टोकाला असते, म्हणून बुरशी येते. कडक भाकरी नीट वाळवली तर त्या रेषेच्या खाली जाते. गुळात पाणी असूनही तो टिकतो, कारण साखरेने ते धरून ठेवलेलं असतं. ही एक संकल्पना नीट कळली की अर्धं अन्न संरक्षण कळलं.

आता शेंगा चटणीकडे या. तिच्यात मोकळं पाणी कमी, त्यामुळे जंतूंचा प्रश्न मोठा नाही. तरी ती बिघडते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. कुटताना दाण्याच्या पेशी फुटतात, तेल बाहेर येऊन तिखट-मिठावर पसरतं आणि हवेतला ऑक्सिजन भेटला की ते खवट होत जातं. प्रकाश, उष्णता आणि लोखंड-तांब्याचे अंश ही क्रिया वाढवतात. तेव्हा चटणी आणखी भाजून किंवा उन्हात वाळवून टिकत नाही. हवा आणि उजेड अडवावा लागतो. घरी करून बघा. एकाच घाण्यातली चटणी तीन ठिकाणी ठेवा: काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरून अंधारात, मोठ्या बरणीत तळाशी थोडीशी, आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत खिडकीपाशी. दर रविवारी घरातल्या दोघांना नावं न सांगता वास घ्यायला लावा आणि तारीख घालून लिहा.

कॉलेजात हाच खवटपणा पेरॉक्साइड मूल्याने, म्हणजे ऑक्सिजनमुळे तेलात किती पेरॉक्साइडं तयार झाली यावरून, मोजतात. इथे एक मेख आहे. तेल बिघडायला लागलं की हे मूल्य वाढतं, पण पुढे पेरॉक्साइड मोडून खवट वासाची अल्डिहाइडं बनतात आणि मूल्य पुन्हा खाली येतं. एकाच दिवशीचा कमी आकडा बघून माल चांगला आहे असं म्हणणारा फसतो. सोबत दुसरी चाचणी आणि नाक, दोन्ही हवीत. टिकाऊपणाची जलद चाचणी ४० अंशांवर करतात तेव्हा पुस्तक त्याला कठोर परिस्थिती म्हणतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुकानाच्या पत्र्याखाली ती रोजची परिस्थिती असते. आपल्या मालाची मुदत आपल्या उन्हाळ्यावर ठरवली पाहिजे.

शेंगदाण्याचा धडा अफलाटॉक्सिनशिवाय पुरा होत नाही. अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं हे विष डोळ्यांना दिसत नाही, आणि भाजल्याने पूर्ण जातही नाही. प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यात किलोला १५ मायक्रोग्रॅम ही कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा आहे. म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरसटलेले दाणे निवडून काढणाऱ्या बायकांचं काम हा अन्नसुरक्षेचा पहिला आणि सर्वांत मोलाचा टप्पा आहे. यंत्र त्यानंतर येतं.

उष्णतेच्या प्रक्रियेत तीन आकडे पाठ असू द्या. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की पाश्चरीकरण होतं. सामू (पीएच) ४.६ च्या वर असलेला, म्हणजे कमी आंबट पदार्थ डबाबंद करताना क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जंतूच्या बीजाणूंचा विचार करावाच लागतो. त्यासाठी डब्याच्या मध्यभागी १२१ अंशांवर साधारण ३ मिनिटं लागतात. वांग्याची भाजी डब्यात भरून विकायची कल्पना दर वर्गात कोणाला तरी सुचते. तिथे चूक झाली तर माणूस मरू शकतो, आणि बिघडलेल्या डब्याला वास येईलच असंही नाही. डाळिंबाचा रस आंबट, त्यामुळे तिथे कमी तापमान चालतं. पण त्याचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो उष्णतेने उडतो. जंतू मारायचे आणि रंग राखायचा, या ओढाताणीत योग्य वेळ आणि तापमान शोधणं हेच तंत्रज्ञाचं काम.

सुट्टी हंगाम बघून वापरा

प्रशिक्षणाची पत्रं मे महिन्यात निघतात आणि मुलं साखर कारखान्यात जाऊन बंद गाळप बघून येतात. गाळप दिवाळीच्या सुमाराला सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतं. चालू कारखाना बघायचा तर दिवाळीच्या किंवा सहामाहीच्या सुट्टीत जा. उन्हाळ्यात जाणारच असाल तर दुरुस्तीच्या काळात जा, बाष्पीभवन पात्रं उघडलेली असतात आणि एरवी न दिसणाऱ्या नळ्या दिसतात. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल. डाळिंब बहारानुसार वर्षभर फिरतं, म्हणून सांगोल्याकडच्या बागायतदाराला आधी फोन करा. डाळमिल आणि दूध संघ कधीही.

तिथे गेल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये बसू नका. सफाईची पाळी बघा. टाक्या आणि नळ्या कशाने, किती तापमानाला, किती वेळ धुतात ते लिहून घ्या. कोणताही कारखाना समजून घ्यायची ही सगळ्यात चांगली जागा आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘अमुक घालून बिस्किट’ हा विषय शक्यतो टाळा. असे हजारो प्रबंध कपाटात पडून आहेत. मालदांडी ज्वारीचं पीठ दळल्यावर किती दिवसांत कडवट होतं आणि का, यावर काम करा. कडक भाकरीच्या वेष्टनातून किती बाष्प आत शिरतं ते मोजा. असा प्रकल्प भाकरी बनवणाऱ्या बचत गटाला दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो, आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं.

पदवीनंतर

पहिली नोकरी बहुधा उत्पादन किंवा गुणवत्ता नियंत्रणात, पाळ्यांमध्ये आणि एमआयडीसीत मिळते. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्राइतका नसतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दोन वर्षं उत्पादनात काढा, मग गुणवत्तेत किंवा उत्पादन विकासात जा. यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला पुढे कोणी फसवू शकत नाही.

पुढे शिकायचं असेल तर एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत लाइफ सायन्सेसच्या पेपरात फूड टेक्नॉलॉजीचा विभाग आहे. रसायनशास्त्र सक्तीचं असतं आणि आणखी दोन विभाग निवडायचे असतात. सोबतीला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवरसायनशास्त्र घेतलं तर अभ्यास एकमेकांत मिसळतो. सरकारी सेवेसाठी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं पद आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या नियमांत या पदासाठी फूड टेक्नॉलॉजीची पदवी चालते, आणि आपल्या राज्यात भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. तिसऱ्या वर्षापासूनच कायद्याचा विषय कलमांसह वाचा, तो तिथे थेट लागतो. प्रयोगशाळेची आवड असेल त्यांनी एफएसएसएआयच्या, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, अन्न विश्लेषक परीक्षेची पात्रता बघून ठेवावी.

स्वतःचा उद्योग काढायचा विचार असेल तर पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. अर्ज करण्याआधी एक उन्हाळा पूर्ण काढा. मार्चमध्ये भरलेली पाकिटं जूनमध्ये स्वतः फोडा, वास घ्या, ओलावा मोजा, आणि त्यानंतरच एफएसएसएआयच्या १४ अंकी परवाना क्रमांकासोबत वेष्टनावर मुदतीची तारीख छापा.